पिनियनचा कोन आणि मागच्या चाकांची पकड

ड्रॅग शर्यतीच्या गाडीत पिनियनचा कोन मोजतात तो गाडी जागेवर उभी असताना. पण तो ज्या अवस्थेसाठी लावलेला असतो ती अवस्था हिरवा दिवा लागल्यावर येते, आणि तिचा सर्वांत तीव्र भाग सेकंदभरात संपतो. मागच्या सस्पेन्शनची बाकीची मांडणीही अशीच असते. इंजिनाचा पूर्ण जोर येईल तेव्हा कोणता भाग किती सरकेल, कुठे पिळेल, याचा अंदाज घेऊन प्रत्येक माप आधीच तेवढे उलट दिशेला ठेवायचे असते. या कामात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे जॉइंट नीट चालावेत हा एक, आणि मागची टायर जमिनीला घट्ट धरून राहावीत हा दुसरा. पिनियनचा कोन मुख्यतः पहिल्याचे उत्तर आहे. दुसऱ्याचे उत्तर मागच्या दांड्यांच्या मांडणीत सापडते.

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ पट्टीवर दोन गाड्यांनी जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, अंतर कापणे. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने या खेळाला नियम आणि वर्ग दिले. सर्वांत वेगवान ‘टॉप फ्युएल’ वर्गाचे अंतर २००८ पासून १००० फुटांवर आणले गेले. त्या गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसते. ॲक्सल थेट चौकटीला जखडलेला असतो आणि स्प्रिंगचे काम मऊ, कमी हवेची टायर व लवचीक चौकट करतात. त्यामुळे इथे विचार करायचा तो मूळच्या रस्त्यावरच्या मॉडेलवरून केलेल्या किंवा तशा दिसणाऱ्या गाड्यांचा: पुढे इंजिन, मध्ये गिअरबॉक्स, त्यामागे लांब शाफ्ट आणि शेवटी एकसंध मागचा ॲक्सल. यांच्या शर्यतीचा निकाल बराचसा पहिल्या ६० फुटांत, म्हणजे १८ मीटरांत ठरतो. तिथे वाचवलेला दशांश सेकंद शेवटच्या वेळेत साधारण दीडपट ते दुप्पट होऊन दिसतो, असा या खेळातला जुना अनुभव आहे.

एकसंध ॲक्सलची रचना भारतीय वाचकाला अनोळखी नाही. मालट्रक, जीप, बोलेरो यांच्या मागे तीच असते. शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन, ते ज्या मोठ्या चक्राला फिरवते तो क्राउन, आणि दोघांना पोटात घेणारी लोखंडी हाउसिंग. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ॲक्सल चाकांपर्यंत जातात. पिनियनचा पुढे आलेला भाग म्हणजे हाउसिंगचे नाक. शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात, ज्यांना गॅरेजात नुसते ‘क्रॉस’ म्हणतात.

क्राउन चाकांना पुढे फिरवतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणून हाउसिंग उलट फिरू पाहते. तिची वरची बाजू मागे जाते आणि नाक वर उचलले जाते. हा जोर किती असतो ते एका कल्पित गाडीवरून पाहता येईल. इंजिनाचा टॉर्क ८०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५ आणि क्राउन-पिनियनचे ४.१ धरले, तर ॲक्सलवर ८२०० न्यूटन-मीटर येतात. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे ८४० किलोचे वजन टांगल्यासारखे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टॉर्क कन्व्हर्टर सुटण्याच्या क्षणी त्यात आणखी भर घालतो. एवढ्या जोरापुढे रबरी बुश दबतात, स्प्रिंगचे पोलादी पाटे वाकतात आणि नाक काही अंश वर जाते. म्हणूनच गाडी उभी असताना ते तेवढे अंश खाली झुकवून ठेवतात. ड्रॅगवाल्यांच्या बोलीत हा ‘निगेटिव्ह’ कोन.

किती अंश, हे नाकाला धरून ठेवणाऱ्या जोडण्या किती लवचीक आहेत त्यावर अवलंबून असते. पाट्यांवरच्या गाडीत ॲक्सलला दुसरा आधारच नसतो. तिथे ५ ते ७ अंश निगेटिव्ह ठेवण्याची पद्धत आहे. पाट्यांना पिळण्यापासून अडवणारे दांडे बसवले की ते २ ते ४ अंशांवर येते. कारखान्यातून आलेल्या रबरी बुशांच्या दांड्यांनाही साधारण तेवढेच लागते. पोलादी गोलाकार सांध्यांची फोर-लिंक, म्हणजे ॲक्सलला धरणाऱ्या चार दांड्यांची रचना, असेल तर १ ते २ अंश पुरतात, कारण तिथे दबायला काही उरलेलेच नसते. हे आकडे सुरुवात करण्यापुरतेच घ्यावेत. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा जसाच्या तसा उचलण्याची सवय या छंदात फार आहे, आणि त्या दुसऱ्याच्या गाडीतले बुश कोणते होते हे सहसा कोणी विचारत नाही.

कोन कशाच्या संदर्भाने मोजायचा यावरही दोन परंपरा आहेत. रस्त्यावरच्या गाडीत गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टची रेषा आणि पिनियनची रेषा परस्परांना समांतर ठेवतात. युनिव्हर्सल जॉइंटमध्ये एक उपजत दोष असतो. कोनात चालताना त्याच्या एका बाजूने एकसारखा वेग दिला तरी दुसरी बाजू प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक यांची नावे या जॉइंटला चिकटली आहेत. ३ अंशांच्या कोनात हा वेगातला फरक दोन्ही बाजूंना सुमारे ०.१४ टक्के असतो, तर १० अंशांत तो दीड टक्क्यावर जातो. पुढच्या आणि मागच्या जॉइंटचे कोन सारखे ठेवले, तर पुढच्याने केलेली चूक मागचा दुरुस्त करतो. समांतर रेषांचा नियम यातून येतो.

ड्रॅगवाले मात्र पिनियनचा कोन प्रोपेलर शाफ्टच्या संदर्भाने सांगतात. पूर्ण जोरात शाफ्ट आणि पिनियन जवळजवळ एका रेषेत यावेत, असा त्यांचा हेतू असतो. उदाहरण घेऊ. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे जाताना ३ अंश खाली उतरतो आणि प्रोपेलर शाफ्ट १ अंश खाली उतरतो. पुढच्या जॉइंटचा कोन २ अंश झाला. पिनियनचे नाक आडव्या रेषेपासून ३ अंश वर असेल, तर मागच्या जॉइंटचा कोनही २ अंश भरतो आणि रस्त्यावरचा हिशेब जुळतो. नाक १ अंश वर असेल, तर पिनियन व शाफ्ट एका रेषेत येतात आणि ड्रॅगवाल्याच्या भाषेत कोन शून्य होतो. त्याला २ अंश निगेटिव्ह हवा असेल तर नाक आडव्या रेषेच्या १ अंश खाली न्यावे लागते. म्हणजे एकाच गाडीत ‘कोन किती?’ या प्रश्नाची दोन उत्तरे मिळू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. सल्ला घेताना संदर्भ कोणता ते आधी विचारून घेणे बरे.

दोन्हींपैकी कोणती परंपरा खरी, यावर फार ऊर्जा घालवण्यात अर्थ नाही. सुटताना शाफ्टवर टॉर्क सर्वाधिक असतो पण फेरे कमी असतात, त्यामुळे थोड्या वेळाची थरथर चालून जाते; भीती असते ती वाकड्या कोनात जॉइंट मोडण्याची. शेवटच्या रेषेजवळ टॉर्क उतरलेला असतो पण फेरे टोकाला पोचलेले असतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ७५०० फेरे घेत असेल, तर शाफ्टही तेवढेच घेतो आणि जॉइंटचा दोष सेकंदाला २५० धक्के देतो. नेमक्या त्याच वेळी पाटे सैल होऊन नाक परत खाली आलेले असते. म्हणून सुटण्यापुरता ठीक वाटणारा ७-८ अंशांचा निगेटिव्ह कोन पट्टीच्या शेवटी गाडीला थरथरवतो. उपाय म्हणजे नाकाची हालचालच कमी करणे. कठीण बुश, दांडे, पिळणार नाहीत असे पाटे यांनी ती कमी झाली की लहान कोनात भागते. जॉइंट अगदी शून्य अंशावरही कायम चालवू नये. त्यातल्या सुईबेअरिंगना फिरण्यासाठी निदान अर्धा-एक अंश लागतो. नाहीतर त्या एकाच जागी दाब देऊन खड्डे पाडतात.

मोजमापाचे काम साधे आहे, फक्त शिस्त लागते. जमीन समतल हवी, टायरमध्ये शर्यतीच्या वेळी असते तेवढीच हवा हवी, टाकीत तेवढेच पेट्रोल हवे आणि चालकाच्या जागी चालक किंवा त्याच्या वजनाची पोती हवीत. गाडी चाकांवर उभी असावी. बॉडीखाली जॅक लावून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर मिळणारा आकडा निरुपयोगी असतो. डिजिटल कोनमापक आधी शाफ्टच्या नळीवर ठेवतात. पिनियनची रेषा त्याच्या योकच्या, म्हणजे जॉइंट धरणाऱ्या फाट्याच्या, सपाट मुखावरून किंवा हाउसिंगच्या यंत्रावर घासलेल्या पृष्ठभागावरून घेतात. गिअरबॉक्सची दिशा कळायला इंजिनाच्या पुढच्या पुलीचे मुख उपयोगी पडते, कारण ते क्रँकशाफ्टला काटकोनात असते.

कोन बदलण्याची रीत सस्पेन्शनप्रमाणे वेगळी. पाट्यांच्या गाडीत ॲक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी किंवा ॲल्युमिनियमची पाचर घालतात. ॲक्सल पाट्याच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू मागे ठेवल्यावर नाक खाली जाते. फोर-लिंकमध्ये वरचे दोन्ही दांडे आखूड केले की हाउसिंगचा माथा पुढे ओढला जातो आणि नाक झुकते. दोन्ही दांडे सारखेच फिरवायला हवेत. घाईत एकच फिरवला तर कोन थोडा बदलतो, पण हाउसिंग पिळली जाऊन एका चाकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी भार पडतो. मग गाडी सुटताना एका बाजूला ओढते, आणि मालक दोष टायरमध्ये शोधत बसतो.

आता पकडीकडे. गाडी पुढे झेपावते तेव्हा भार मागच्या चाकांवर सरकतो, आणि गाडीच्या वजनाचा किती हिस्सा सरकणार हे तीनच गोष्टी ठरवतात: त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर. १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, चाकांतले अंतर २.७ मीटर आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट धरले, तर सुमारे ३९० किलो मागे जातात. उभ्या गाडीत ४८ टक्के म्हणजे ६७२ किलो मागे असतील, तर सुटताना ते १०६० च्या आसपास होतात. या सूत्रात दांडे, पाटे, स्प्रिंग यांचा उल्लेख नाही. सस्पेन्शन भार निर्माण करत नाही. तो टायरपर्यंत कोणत्या वाटेने आणि किती लवकर पोचेल एवढेच त्याच्या हाती असते.

हे सूत्र १९५० च्या दशकातल्या हौशी रेसर मंडळींनी अक्षरशः अमलात आणले. क्रायस्लरच्या तरुण अभियंत्यांच्या ‘रॅमचार्जर्स’ या गटाने १९४९ सालच्या प्लिमथ कूपेची बॉडी इतकी उंचावर बसवली की गाडीला ‘हाय अँड मायटी’ हे नाव शोभले. गुरुत्वमध्य उंच म्हणजे मागे जाणारा भार जास्त, हा त्यामागचा विचार. १९६५ मध्ये डॉज आणि प्लिमथच्या खास ड्रॅग गाड्यांत तर चाकेच पुढे सरकवली गेली: मागचा ॲक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच. त्यामुळे उभ्या गाडीचेच जास्त वजन मागच्या टायरवर आले. दिसायला या गाड्या विचित्र होत्या, आणि पुढे ‘फनी कार’ हा वर्ग त्यांच्यातूनच उगवला.

बॉडी उंच करणे किंवा चाके सरकवणे आज बहुतेक वर्गांच्या नियमांत बसत नाही, आणि ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य उंच ठेवणे शहाणपणाचेही नाही. म्हणून लक्ष गेले भाराच्या वाटेकडे. मागची चाके गाडीला ढकलतात ती दांड्यांमधून. बाजूने पाहिले असता वरच्या आणि खालच्या दांड्याच्या रेषा पुढे वाढवत नेल्या की त्या एका बिंदूत छेदतात. हा बिंदू म्हणजे इन्स्टंट सेंटर. तिथे प्रत्यक्षात काही नसते, पण ॲक्सल जणू त्या बिंदूला खिळलेल्या एका लांब दांड्यावर बसवलेला असावा तसा वागतो. लॅडर बारमध्ये हा बिंदू खराखुरा असतो. शिडीसारखा त्रिकोणी दांडा मागे हाउसिंगला पक्का आणि पुढे एकाच बोल्टवर फिरता असतो, आणि तो बोल्ट हेच केंद्र. फोर-लिंकच्या कंसांना उभ्या ओळीत अनेक भोके असतात. दांड्याचा बोल्ट एका भोकातून दुसऱ्यात नेला की केंद्र पुढे-मागे, वर-खाली सरकते.

या केंद्राचा परिणाम मोजण्यासाठी एक रेषा काढतात. मागच्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या बिंदूपासून सुरुवात, आणि पुढच्या ॲक्सलच्या उभ्या रेषेवर गुरुत्वमध्याच्या उंचीला शेवट. केंद्र बरोबर या रेषेवर असेल तर अँटी-स्क्वॅट १०० टक्के. म्हणजे गाडीचा मागचा भाग बसतही नाही आणि उठतही नाही. सरकलेला सगळा भार दांड्यांतून थेट जातो आणि स्प्रिंग अस्पर्श राहते. केंद्र रेषेखाली असेल तर मागचा भाग बसतो. वर असेल तर उठतो. वरच्याच गाडीत केंद्र मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर पुढे आणि जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच असले, तर ०.२५ भागिले १.२ हा चढ २.७ मीटरपर्यंत नेल्यावर उंची ५६ सेंटिमीटर भरते. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर असल्याने अँटी-स्क्वॅट सुमारे ११२ टक्के. ही गाडी सुटताना मागून किंचित उठेल.

बघणाऱ्याला मागून बसणारी गाडी जोरदार वाटते, पण तिथे भार स्प्रिंग दबत-दबत पोचतो आणि टायर तोवर घसरायला मोकळे असते. उठणाऱ्या गाडीत उलटे घडते. बॉडी वर ढकलली जाते त्याची प्रतिक्रिया म्हणून टायर खाली रेटले जाते, आणि तेही स्प्रिंग दबण्याची वाट न पाहता. टायरच्या मऊ भिंतीवर सुरकुत्या पडतात त्या याच क्षणी. मात्र या फायद्याचे आयुष्य फार थोडे असते. बॉडी वर सरकण्याची मर्यादा संपली की तो जादा दाबही संपतो, आणि झटका फार जोराचा असेल तर टायर उसळून उलट हलके पडते.

या झटक्याचा स्वभाव केंद्राच्या जागेवरून ठरतो. केंद्र मागच्या चाकाजवळ आणि उंच असेल तर ठोका कडक बसतो पण लवकर ओसरतो. दूर आणि खाली असेल तर तो सौम्य असतो आणि जास्त वेळ टिकतो. पट्टी थंड किंवा गुळगुळीत असेल, टायर लहान असेल, तर कडक ठोक्याचा आधार घ्यावा लागतो. भरपूर ताकद आणि चांगली चिकट पट्टी असताना तोच ठोका गाडीचे नाक आभाळाकडे नेतो आणि वेग उंची कमावण्यात खर्च होतो. प्रेक्षकांना पुढची चाके उचलणारी गाडी आवडते. वेळ मोजणाऱ्या यंत्राला ती तितकीशी आवडत नाही. आणखी एक अडचण अशी की बॉडी उठली की दांड्यांचे कोन बदलतात आणि केंद्र आपली जागा सोडते. उभ्या गाडीत ११२ टक्के असलेला आकडा पाच सेंटिमीटर उठल्यावर काय होतो, हेही काढून पाहायला हवे.

पिनियनच्या कोनाबद्दलचा गैरसमज इथे उलगडतो. पाट्यांखाली पाचर घातल्याने किंवा लॅडर बारच्या मागच्या बोल्टांनी नाक झुकवल्याने हे केंद्र जवळपास जागचे हलत नाही. ‘दोन अंश वाढवले आणि गाडी चिकटली’ असे कोणी सांगितले, तर बहुधा त्याच वेळी उंची, टायरची हवा किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरची सेटिंगही बदललेली असते. फोर-लिंकमध्ये वरचे दांडे आखूड-लांब केल्यावर हाउसिंगवरचे कंसही थोडे फिरतात आणि केंद्र किंचित सरकते, एवढा अपवाद.

पाट्यांची कथा थोडी वेगळी आहे. तिथे दांडे नसतात. पाट्याचा पुढचा अर्धाच दांड्याचे काम करतो. जोर आला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो, ताण असह्य झाला की सुटतो, पुन्हा वळतो, आणि चाक जमिनीवर टपटप उड्या मारू लागते. १९६७ च्या ‘कॅमॅरो’ या मोटारीत एकच पाटा होता आणि ती या उड्यांसाठी बदनाम झाली. पुढच्याच वर्षी शक्तिशाली मॉडेलना अनेक पाट्यांचा संच मिळाला, आणि एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर ॲक्सलच्या पुढे व दुसरा मागे अशी रचना आली. क्रायस्लरने वेगळा मार्ग धरला. त्यांच्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांचा पुढचा भाग आखूड व ताठ असे, आणि नाकाच्या वर एक रबरी ठोकळा असे. नाक उचलले की ते ठोकळ्यामार्फत गाडीच्या तळाला रेटत असे. हौशी लोकांनी पाट्याखाली लांब दांडे बसवले, ज्यांचे टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली आपटून पिळण्याला अटकाव करते. याची आजची सुधारलेली आवृत्ती कॅल्व्हर्ट रेसिंगच्या ‘कॅलट्रॅक्स’ दांड्यांत दिसते. त्यात पाट्याच्या पुढच्या बोल्टवर एक फिरती त्रिकोणी पट्टी असते. हाउसिंगचे फिरणे दांड्यातून त्या पट्टीला ढकलते आणि पट्टी पाट्याला वरून दाबते.

दांड्यांनी ठोका दिला की तो आवरण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे जाते. मागच्या शॉकचा ताणला जाण्याचा विरोध वाढवला की बॉडी सावकाश उठते आणि टायरवरचा दाब थोडा जास्त वेळ टिकतो. पुढच्या शॉकचा तोच विरोध कमी केला की नाक सहज उचलले जाते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो.

गाडी आडवीही पिळली जाते, आणि हा भाग अनेक पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला असतो. प्रोपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो तेव्हा सगळ्या हाउसिंगलाही आपल्या दिशेने कलंडवू पाहतो. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात त्यामुळे डावे मागचे चाक खाली दाबले जाते आणि उजवे हलके होते. त्याच वेळी इंजिनाची प्रतिक्रिया बॉडीला उलट, म्हणजे उजवीकडे मागे झुकवते आणि डावे पुढचे चाक आधी उचलते. बॉडीचा हा झुकाव पूर्णपणे मागच्या ॲक्सलवर आला तर उजव्या चाकाचा हरवलेला भार परत मिळतो. पण पुढची चाके जमिनीवर असेपर्यंत त्यातला काही वाटा पुढचे सस्पेन्शन खाते. म्हणून मागे जाड अँटी-रोल बार लावतात. झुकाव मागेच अडवला जातो, आणि दोन्ही मागची टायर सारखा भार घेऊन सरळ सुटतात. हा बार नसलेल्या गाड्यांत उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालतात, किंवा फोर-लिंकचा उजवा वरचा दांडा थोडा फिरवून त्या चाकावर आधीच जादा भार ठेवतात. त्याला प्रीलोड म्हणतात. वर ज्याला चूक म्हटले तीच गोष्ट इथे जाणूनबुजून आणि मोजून केली जाते.

या सगळ्याला क्रम आहे, कारण एक माप दुसऱ्याला हलवते. आधी गाडीची उंची आणि टायरची हवा. मग ॲक्सल गाडीच्या मध्यरेषेला काटकोनात आहे का ते. तो तिरका असेल तर पुढचे सगळे श्रम वाया. त्यानंतर दांड्यांची भोके निवडून इन्स्टंट सेंटर ठरवायचे, आणि मगच पिनियनचा कोन, कारण भोक बदलले की कोन बदलतोच. कोन बसला की प्रीलोड, आणि शेवटी शॉक. अँटी-रोल बारचे दुवे चालक बसलेला असताना बिनताणाचे ठेवून जोडायचे.

भारतात ड्रॅग शर्यती होतात त्या बहुधा विमानांच्या धावपट्ट्यांवर; लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ‘व्हॅली रन’ त्यांतली प्रसिद्ध. तिथे उतरणाऱ्या बहुतेक आधुनिक गाड्यांना स्वतंत्र मागचे सस्पेन्शन किंवा पुढच्या चाकांना ताकद असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल बॉडीलाच बसवलेले असल्याने पिनियन ॲक्सलबरोबर उठत नाही, आणि अँटी-स्क्वॅटची रेषाही जमिनीऐवजी चाकाच्या केंद्रातून काढावी लागते. वरचा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू नाही. तो जास्त लागू पडतो सस्पेन्शन उंचावून डोंगरात नेल्या जाणाऱ्या जीपना. उंची वाढली की शाफ्टचा उतार तीव्र होतो, जॉइंटचे कोन बिघडतात आणि गाडी एका ठरावीक वेगाला थरथरू लागते. तिथेही पाचर हाच पहिला इलाज.

मापे बरोबर आहेत की नाही हे पट्टीवरच कळते. ६० फुटांची वेळ हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार. शॉकच्या दांड्यावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधली की ती किती सरकली यावरून सस्पेन्शनची हालचाल समजते. बाजूने मोबाइलवर संथ गतीत घेतलेल्या चित्रणात मागचा भाग उठतो की बसतो, टायर चुरगळून लगेच सुटते का, कोणते पुढचे चाक आधी उचलते, हे स्पष्ट दिसते. गाडीखाली कॅमेरा लावला तर नाक प्रत्यक्षात किती अंश चढते तेही मोजता येते. ते लावलेल्या निगेटिव्ह कोनाएवढेच चढत असेल तर आणखी काही करायचे नसते. जास्त चढत असेल तर कोन वाढवण्याआधी बुश तपासावेत. झिजलेला बुश हेच कारण अनेकदा निघते.

शाफ्टचा पुढचा जॉइंट तुटला तर सुटलेले टोक पट्टीत रुतून गाडी उलथवू शकते. म्हणून वेगवान वर्गांत त्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत शाफ्टभोवती पोलादी कडे बसवणे नियमाने बंधनकारक आहे. प्रत्येक शर्यतीच्या दिवसानंतर जॉइंटच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस पूड दिसते का ते पाहतात. ती दिसली की सुईबेअरिंग कोरड्या पडल्या असे समजून जॉइंट बदलतात. दांड्यांचे लॉकनट तपासून त्यांवर रंगाची रेघ मारतात, आणि रेघ तुटलेली दिसली की सगळी मापे नव्याने घेतात.